उंबऱ्याबाहेर आई

नेहानं दिलेली कादंबरी मी दात-ओठ खात अर्ध्यापर्यंत वाचली आणि मिटून ठेवली. मुखपृष्ठावर एक पिवळं कौलारू घर, शेजारी उंच इमारत, आणि दोन्हींच्या मधून चाललेली सायकल. गोष्ट अशी की दोन मावसबहिणी आपापली घरं बदलतात. शहरातली खेड्यात जाते, खेड्यातली शहरात. एकीला तिथं कोंबड्या पाळायचा छंद लागतो, दुसरीला नोकरी लागते. दोघींच्या तब्येती सुधारतात, दोघींचे नवरे शहाणे होतात आणि शेवटी सगळे एका लांब टेबलाशी बसून जेवतात. शेवट मी आधीच पाहून घेतला होता. कोणाचं काही हरवत नाही, कोणी कोणाच्या फडताळातले डबे हलवत नाही.

नेहा म्हणजे माझ्या चुलतभावाची, विनूची सून. गोड मुलगी आहे, तिच्यावर माझा राग नाही. पुस्तक हातात ठेवताना ती म्हणाली, "आत्याजी, एकदम फील-गुड है. आपल्या घरचीच स्टोरी वाटते. पापा सांगतात नं, तुमच्या आईनी कसं गावचं घर घेतलं और इनको शहर का घर दे दिया."

घेतलं म्हणे, आणि दिलं म्हणे. विनू समोरच होता, अधारतालच्या त्याच्या घराच्या व्हरांड्यात, पाय स्टुलावर टाकून. तो मान डोलावून म्हणाला, "मोठ्या काकूला गावची हवा मानवली होती." हे वाक्य मी त्याच्या आईच्या तोंडून ऐकलं आहे, त्याच्या वडिलांच्या तोंडून ऐकलं आहे, लग्नांच्या पंगतींत आणि तेराव्याच्या जेवणांत ऐकलं आहे. आता ते सुनेपर्यंत पोचलं. अजून एक पिढी गेली की त्याला मुखपृष्ठही मिळेल.

मी नागपूरहून जबलपूरला आले होते ती महालक्ष्म्या न्यायला. विनूनं फोन करून बोलावलं होतं. मुलगा आणि सून हैदराबादला चालले होते, त्यांच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती, आणि भादव्यात तीन दिवस रजा काढून पुरणावरणाचा घाट घालणं नेहाला जमणारं नव्हतं. ते तिनं सरळ सांगितलं, ते मला आवडलं. मग विनू अगदी सहज म्हणाला, "तूच घेऊन जा. तुझ्या आईच्याच होत्या नं."

हे वाक्य ज्या दिवशी म्हणायला हवं होतं त्या दिवशी या घरातल्या एकाही पुरुषाच्या तोंडून ते निघालं नाही. तेव्हा विनू लहान होता, त्याला मी धरत नाही. पण बाकीचे लहान नव्हते.

आमचं क्वार्टर फॅक्टरीच्या वसाहतीत होतं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, मागे अंगण आणि अंगणात पेरूचं झाड. वसाहतीत आमच्यासारखी मराठी घरं पुष्कळ होती, कोणी नागपूरकडची, कोणी पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. फॅक्टरीत लढाईचं सामान बनायचं. नेमकं काय, ते बाबा घरात कधी बोलले नाहीत. पण त्यांच्या खाकी शर्टाला वंगणाचा आणि किसलेल्या लोखंडाचा वास असायचा. तो पिवळ्या साबणानंही जायचा नाही. मला तो अजून आवडतो. नागपुरात कुठल्या गॅरेजवरून गेले की माझी पावलं मंद होतात.

सगळं आयुष्य भोंग्यावर चालायचं. पहिल्या भोंग्याला आई उठायची, दुसऱ्याला कणीक मळलेली असायची, तिसऱ्याला बाबा सायकलवर टांग टाकून निघालेले असायचे आणि रस्त्यावर सायकलींचा नुसता पूर लोटलेला असायचा. भोंग्याशिवाय आईला भातसुद्धा लावता यायचा नाही. घरात घड्याळ होतं, पण ते बंद पडलं तरी कोणाच्या लक्षात आलं नसतं. उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचे पडदे लावायचे आणि दुपारभर ते भिजवत राहायचं. थंडीत शेगडीभोवती बसून खोव्याची जिलबी खायची. आईच्या फडताळात डाळींचे डबे उंचीप्रमाणे लावलेले, त्यांच्या मागे लोणच्याच्या बरण्या, आणि सगळ्यात वर लाल कापडात गुंडाळलेले महालक्ष्म्यांचे दोन पितळी मुखवटे. बाबा थोरले, म्हणून महालक्ष्म्या आमच्याकडे. काका, काकू आणि विनू गावाकडे असत. शहपुऱ्याच्या बाजूला आमची थोडी जमीन होती आणि खापराचं घर होतं. ती मंडळी दर भादव्यात आमच्याकडे यायची, चांगले आठ-दहा दिवस राहायची.

महालक्ष्म्या घरात घ्यायची आमची एक रीत होती. मुखवटे ज्यांच्यावर बसवतात त्या पत्र्याच्या कोठ्यांमध्ये जिच्या हातानं गहू-तांदूळ भरले जातात ती घरची. तिनं उंबऱ्याच्या आत उभं राहायचं. मुखवटे घेऊन दुसरीनं बाहेर थांबायचं. ती दुसरी म्हणजे आलेली सवाष्ण, पाहुणी. कोणीतरी थाळी वाजवायचं. मग आतलीनं विचारायचं, "कोण आलं?" बाहेरचीनं सांगायचं, "लक्ष्मी आली." आतलीनं म्हणायचं, "या, आत या, घर तुमचंच आहे." मग कुंकवाच्या पावलांवरून मुखवटे घरभर फिरवायचे. आतलीनं एकेक जागा दाखवायची. हे स्वयंपाकघर, ही कोठी, हे दागिने, ही मुलंबाळं. आई नेहमी आत असायची आणि काकू बाहेर. आईला ते विचारताना हसू यायचं. काकू एकदा उत्तर देताना इतकी हसली की मुखवटा पाडता पाडता वाचली. हे मी मुद्दाम सांगते. दोघींचं कधी वाकडं नव्हतं.

आणखी एक रीत होती. कोठ्या भरणारा हात एकदा बदलला की तो परत फिरवायचा नाही. ज्या बाईनं भरल्या तिनं जन्मभर भरायच्या, तिच्यानंतर तिच्या सुनेनं. का, ते कोणी विचारत नसे. घरात कोणी काही विचारत नसे म्हणूनच तर पुढचं सगळं झालं.

पासष्टच्या वर्षी महालक्ष्म्या उठल्या आणि दोन-चार दिवसांत लढाई लागली. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले. क्वार्टरांसमोर खंदक खणले. आम्ही मुलं त्यांत उतरून खेळायचो आणि ओल्या काळ्या मातीनं माखून घरी यायचो. फॅक्टरी दिवसरात्र चालू लागली. बाबा यायचे ते जेवायला आणि पाठ टेकायला. भोंगे वाढले. कुठला कशाचा ते आईलाही कळेनासं झालं. भरती जोरात सुरू होती, म्हणून काका गावाहून आले आणि त्यांनाही काम लागलं.

तेव्हा अंगणात पेरूखाली खाट टाकून बाबा आणि काका बोलत बसले. बोलणं फार लांबलं नाही. फॅक्टरीवर बॉम्ब पडू शकतो, तेव्हा मुलीला घेऊन बाईमाणसानं इथं राहू नये, असं ठरलं. आई आणि मी गावी जावं. काका इकडे नोकरीला, तर शेताकडे घरचं कोणी हवं, तेही आई पाहील. आणि दोघा भावांच्या जेवणाचे हाल नकोत म्हणून काकू आणि विनूनं इकडे यावं. विनूच्या शाळेचंही होईल.

मी तेव्हा सातवीत होते. मला बॉम्बचं भय होतं, पण हिशेब कळत होता. बॉम्ब आईवर आणि माझ्यावर पडणार होता, आणि त्याच क्वार्टरात, त्याच छपराखाली, काकू आणि विनू मात्र सुखरूप राहणार होते. मी हे बोलून दाखवलं. काका हसले. बाबा म्हणाले, लढाई संपली की सगळे आपापल्या जागी. त्यांनी हे आईकडे न पाहता म्हटलं, हे मला आज आठवतं की मी नंतर जोडलं, सांगता येत नाही. जोडलं असेल तर खुशाल जोडलं.

आईला कोणी विचारलं नाही, आणि काकूलाही नाही. तीही आपलं घर, आपल्या गाई सोडून येत होती. येताना तिचे डोळे सुजलेले होते. दोन बायका बसस्टँडवर भेटल्या, एक उतरली आणि दुसरी चढली. मधल्या वेळात आईनं तिला किल्ल्या दिल्या आणि कुठल्या बरणीला पाणी लागू द्यायचं नाही ते सांगितलं. शेवटी म्हणाली, "महालक्ष्म्या इथंच ठेवून चालली. भादव्यात मला यावंच लागेल नं."

इथं आई चुकली. तिला वाटलं, देव मागे ठेवला म्हणजे जागा राखली. कोठ्या भरायला तिच्याशिवाय दुसरा हातच नाही, म्हणजे वर्षाच्या आत तिला बोलवावंच लागेल, आणि एकदा आत शिरली की मग पाहू. मुखवटे पिशवीत घालून ती बरोबर घेऊन गेली असती तर महालक्ष्म्यांच्या मागोमाग सगळ्यांना तिच्या दारी यावं लागलं असतं. पण तिनं ते फडताळातच ठेवले. रेल्वेच्या डब्यात आपण जागेवर रुमाल टाकून जातो तसे.

लढाई तर महिना पुरा व्हायच्या आत थांबली. भोंगे काही कमी झाले नाहीत, फॅक्टरी उलट वाढली. आई सामान बांधून बसली. मग निरोप आला की विनूचं शाळेत नाव घातलंय, वर्ष होऊन जाऊ दे. मग गव्हाची पेरणी आली. मग काकांना कायम करून घेणार असं कळलं. प्रत्येक कारण खरं होतं. त्याचाच मला जास्त राग येतो. एखादं तरी खोटं निघालं असतं तर भांडायला जागा मिळाली असती.

गाव वाईट होतं असं मी म्हणणार नाही, पुस्तकवाल्यांना फावलं तरी. हरभऱ्याच्या शेतातून पहाटे आंबट वास यायचा आणि परकर दवानं ओला होऊन पायाला चिकटायचा. हिरव्या हरभऱ्याचा होळा भाजायचो, बोटं काळी करून खायचो. कुंडमकडची माणसं मोहाची फुलं विकायला यायची तेव्हा ओसरीभर गोड, जड वास साचून राहायचा. आई नागपूरची, गल्लीत वाढलेली, तिनं कधी गाईला हात लावला नव्हता. ती धार काढायला शिकली. बटईदाराशी हुज्जत घालायला शिकली. उन्हानं रापली, अंगानं भरली. बाबा रविवारी यायचे, सुरुवातीला दर, मग जमेल तसे, आणि तिच्याकडे पाहून म्हणायचे की तुला हवा मानवली. ते वाक्य मुळात त्यांचं. बाकीच्यांनी ते त्यांच्याकडून उचललं.

पण पहाटे ती दचकून उठायची. चूल न पेटवता ओसरीवर बसायची, मान जराशी शहराच्या दिशेला. एवढ्या लांबून भोंगा ऐकू येणं शक्य नव्हतं. ती म्हणायची, वारा असला की येतो. मी शेजारी बसून कान देऊन ऐकायचे. मला एकदाही आला नाही, तरी मी आला म्हणायचे.

ते वर्ष आम्ही भादव्याकडे डोळे लावून काढलं. आईनं नवी पत्री कुठून आणायची, आंबिलीला ज्वारी कोणती घ्यायची हे आषाढापासून ठरवलं होतं. घरच्या गव्हातले चांगले गहू निवडून तिनं वेगळ्या छोट्या पोत्यात बांधले, कोठ्यांत भरायला. ते पोतं घेऊन आम्ही बसनं निघालो. वाटभर आईचा चेहरा फुललेला होता. यंदा बसवू आणि मग निघायचंच नाही, असं तिनं मला उतरता उतरता सांगितलं. आम्ही परत कधी जाणार, हे मी वर्षभर विचारत होते. त्याचं उत्तर हे होतं.

क्वार्टरच्या दारात पाऊल ठेवलं आणि पुरणाचा वास आला. बाहेरच्या खोलीत मखर तयार होतं. कोठ्या उभ्या होत्या. त्यांना साड्या नेसवलेल्या होत्या, आणि त्यातली जांभळी आईची होती, तिच्या ट्रंकेतली. काकू पदराला हात पुसत पुढे आली. म्हणाली, "बाई, तुम्ही दमून येणार, म्हणून सकाळीच मी भरून टाकल्या."

गव्हाचं पोतं आईच्या काखेत होतं. ते तिनं हळूच भिंतीशी ठेवलं.

काकूनं ते चांगुलपणानं केलं की ठरवून, यावर मी आयुष्यातला बराच वेळ घालवला आहे. आता मला वाटतं, चांगुलपणानंच केलं असेल. दुष्टपणा असता तर तिच्या चेहऱ्यावर कुठेतरी दिसला असता, आणि माझ्या रागाला धरायला कडी मिळाली असती. तिला घर सोडून यायला लावलं, तिनं मिळालं ते घर आपलं केलं, दुसरं ती काय करणार होती? हे सगळं मला समजतं. समजून राग जातो असं ज्यांना वाटतं त्यांनी ते पुस्तक वाचावं.

आता कोठ्या काकूनं भरलेल्या, म्हणजे आत काकू. मुखवटे आईच्या हातात दिले गेले आणि तिला उंबऱ्याबाहेर उभं केलं. वरच्या पायरीवर. त्या पायरीचा कोपरा फुटलेला होता. माझ्याच हातून एकदा पाटा पडून तो फुटला होता. शेजारच्या बायका जमल्या. विनू थाळी वाजवायला उभा राहिला. ती थाळी दरवर्षी मी वाजवायची. ऊन चांगलं चढलं होतं आणि आईच्या हातांत पितळ चमकत होतं.

काकूनं विचारलं, "कोण आलं?"

आई काही बोलेना. विनूचा हात थांबला. काकूनं पुन्हा विचारलं, आता जरा हळू, "कोण आलं?"

आई म्हणाली, "मी आले."

मला पेरूवरचे पोपट ऐकू आले. सगळ्या बायका आईकडे पाहत होत्या आणि आई काकूकडे. दुसरं कोणी तिच्या नजरेत नव्हतं. काकूचे ओठ हलले. मला अजून वाटतं, ती म्हणणार होती. अजून एक क्षण मिळता तर ती म्हणाली असती. पण बाबा मागून पुढे झाले. नव्या शर्टात, टोपी घालून. लहान मुलाला पाठांतरात शब्द सुचवावा तशा आवाजात ते आईला म्हणाले, "अगं, लक्ष्मी आली, असं म्हणायचं."

आईनं ते म्हटलं. "लक्ष्मी आली." काकूनं मुखवट्यांकडे पाहून, पितळेकडे पाहून, घाईघाईनं म्हटलं की या, आत या, घर तुमचंच आहे. थाळी पुन्हा सुरू झाली.

मग घर दाखवलं. हेही ऐका. माझ्या आईला तिचं घर दाखवलं. मुखवटे घेऊन ती कुंकवाच्या पावलांवरून चालत होती आणि काकू पुढे होऊन सांगत होती, हे स्वयंपाकघर, ही कोठी. फडताळातले डबे आता उंचीप्रमाणे नव्हते. बरण्या खालच्या फळीवर आल्या होत्या. माझा बिछाना असायचा तिथं विनूचं टेबल होतं आणि त्यावर माझी कंपासपेटी. आई प्रत्येक ठिकाणी थांबली, प्रत्येक वस्तूकडे पाहिलं, आणि रीतीप्रमाणे मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिला सवाष्ण म्हणून पाटावर बसवलं. पोटभर वाढलं. तिसऱ्या दिवशी काकूनं तिची ओटी भरली, नारळ, तांदूळ, हिरवा खण. सवाष्णीची ओटी भरून तिला पोचवतात, तसं बाबांनी आम्हाला बसपर्यंत पोचवलं.

बाबांवरचा राग मी सगळ्यांच्या शेवटी ठेवला होता, पण लिहिता लिहिता तो आधीच येऊन बसला आहे. ते वाईट नवरे नव्हते. कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. त्यांना फक्त विधी बरोबर व्हायला हवा होता.

गावी आल्यावर आईनं तो हिरवा खण फाडून त्याचं माठाचं गाळणं केलं. त्याचा रंग उडेपर्यंत आम्ही त्यातून गाळलेलं पाणी प्यायलो. परत कधी जायचं हे मी पुन्हा विचारलं नाही. पुढे दर भादव्यात बोलावणं यायचं आणि दर भादव्यात नेमकी आमची गाय व्यायला झालेली असायची. एक वर्ष गोठ्यात गायच नव्हती, तरी ती व्यायला झाली होती. कोणी उलटून विचारलं नाही. बाबा निवृत्त होऊन गावी आले, तिथंच गेले, आणि त्यांच्या मागोमाग काही वर्षांनी आई. काका-काकूंनी अधारतालला घर बांधलं, महालक्ष्म्या तिकडे गेल्या. घरं बदलायची कादंबरी संपली. लांब टेबल मात्र कुठे मांडलेलं मला आठवत नाही.

परवा नेहानं मुखवटे लाल कापडातून काढून मला दाखवले. एकीच्या नाकाजवळ घासून घासून पितळ पांढुरकं झालं आहे. मी विचारलं, हात परत फिरवत नाहीत ना, आणि मुलीकडे तर जातच नाही, मग आता कसं? विनू म्हणाला, "छोड़ ना यार, आता कोण मानून राहिलं ते सगळं." तो चिडून बोलला नाही, अगदी प्रेमानं बोलला. जी रीत आईच्या वेळी दगडाची होती, ती यांना जड झाल्याबरोबर मेणाची झाली. हे मी त्याला ऐकवलं. नेहा आत चहा करायला गेली. आल्यावर तिनं दोन्ही मुखवटे माझ्या पिशवीत ठेवले आणि एकमेकांवर घासू नयेत म्हणून मधे ती कादंबरी घातली. निघताना तिनं ओटी भरायला ताट आणलं. मी म्हटलं, बाळा, राहू दे. ओटी घेतली की निघावं लागतं.

स्टेशनच्या आधी मी ऑटो वसाहतीकडे वळवायला लावली. क्वार्टरांची आमची ओळ पाडायला काढली आहे, हे विनूच बोलता बोलता म्हणाला होता. काही घरांची दारं-खिडक्या निघाल्या होत्या. भिंतींवर आकडे घातले होते. पण पेरू होता, वाढून वेडावाकडा झालेला, आणि फुटक्या कोपऱ्याची पायरी होती. पायरीवर उभी राहिले तेव्हा दुपार होती आणि हातातली पिशवी जड झाली होती. दार नव्हतंच. आत मातीचा, चुन्याचा वास येत होता. वंगणाचा वास येईल असं मला उगाच वाटलं होतं.

मी तशीच उभी राहिले. आत जायला कोणाची ना नव्हती, पण पाऊल उचलेना.

तेवढ्यात आतून कोणीतरी खाकरलं. बहुधा चौकीदार असावा. ऊन चुकवायला आमच्या बाहेरच्या खोलीत, मखर असायचं त्याच जागी, म्हातारा गमछा टाकून आडवा झाला होता. त्यानं उठायच्या आधी तिथूनच आवाज दिला, "कौन आया है?"

मला उत्तर द्यायला वेळ लागला. आईलाही लागला होता. मी पिशवी दोन्ही हातांत धरली आणि म्हटलं, "जिनका घर था, वो आई हैं।"

तो दारापर्यंत आला. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, अजून कोणी आहे का ते. कोणी नव्हतं. मला वाटलं आता हटकणार, परवानगी विचारणार. तो बाजूला सरला आणि म्हणाला, "तो आइए माताजी, अंदर आ जाइए। अपना ही घर समझिए।"

एवढंच. त्या दिवशी एवढंच म्हणायचं होतं.